जुनं टाऊनहाऊस विकत घेताना: आधी पाणी बघा, मग नक्षी

जाहिरातीतले फोटो ठरलेले असतात. जिन्याचा वळणदार कठडा, दिवाणखान्याच्या छतावर मधोमध घडवलेलं गिलाव्याचं फूल, शेकोटीची संगमरवरी चौकट, दारावरच्या अर्धगोल झरोक्यातली काच. खाली एक ओळ: 'सर्व मूळ कामासह'. पन्हळीचा फोटो कुणी टाकत नाही, तळघराच्या कोपऱ्याचा तर नाहीच. आणि घर टिकणार की नाही, हे बहुतेक वेळा याच दोन जागी ठरतं.

शहराच्या जुन्या भागात दोन्ही बाजूंच्या घरांना भिंत लावून उभी असलेली ही अरुंद, उंच, तीन-चार मजली घरं मला मनापासून आवडतात. ती जपली जावीत असं वाटतं, म्हणूनच हे सगळं सविस्तर लिहीत आहे. पहिल्यांदा असं घर घेणाऱ्याचा जीव नक्षीवर जडतो आणि पैसेही आधी नक्षीवरच खर्च होतात. पण ती नक्षी भिंतीला धरून आहे, भिंत चुन्यात बांधलेली आहे, आणि चुन्याची पाण्याशी वागायची स्वतःची एक रीत आहे. ती रीत कळली की घरात काय बघायचं आणि कुठल्या कामाला हात लावायचा नाही, हे तुमचं तुम्हालाच दिसू लागेल.

जाण्याआधी: घराचा काळ आणि त्याचा कागदोपत्री दर्जा

घर कधीचं आहे याचा अंदाज घेऊन जा. नगरपालिकेच्या नोंदी, जुने नकाशे, अभिलेखागारातले रस्त्याचे जुने फोटो यांतून बरंच हाती लागतं. प्रत्येक शहराच्या घरांना त्या शहराच्या कायद्यांनी आणि अपघातांनी आकार दिलेला असतो. लंडनमध्ये १६६६च्या आगीनंतर बाहेरच्या भिंती विटांच्या किंवा दगडाच्याच हव्यात असा नियम झाला. पुढे १७०९च्या कायद्याने खिडक्यांच्या लाकडी चौकटी भिंतीच्या दर्शनी भागापासून चार इंच आत घ्यायला लावल्या. म्हणून तिथल्या जुन्या घराची चौकट भिंतीच्या किती आत आहे, एवढ्यावरून जाणकार माणूस काळाचा पहिला तर्क करतो. तर्कच, कारण खिडक्या नंतर बदललेल्याही असतात. इंग्लंडमध्ये १६९६ ते १८५१ खिडक्यांवर कर होता, त्यामुळे विटांनी बुजवलेली खिडकी दिसली की सगळे कराचं नाव घेतात. पण काही ठिकाणी ती जागा दर्शनी भागाचा तोल साधायला पहिल्यापासूनच बंद ठेवलेली असते.

ॲमस्टरडॅमच्या कालव्याकाठची घरं जमिनीत ठोकलेल्या लाकडी खांबांवर उभी आहेत. ते खांब पाण्याखाली असेपर्यंत टिकतात. भूजल खाली गेलं की त्यांच्या माथ्याला हवा लागते आणि बुरशी धरते. तिथली कित्येक घरं पुढे झुकलेली दिसतात, ती मात्र मुद्दाम तशी बांधलेली असू शकतात. न्यूयॉर्कच्या ब्राउनस्टोन घरांत विटांच्या भिंतीला पुढून तपकिरी वालुकाश्माचे तक्ते लावलेले आहेत. त्या दगडाचे थर उभे लावले गेले तिथे तो वहीच्या पानांसारखा सुटत येतो. सांगायचं एवढंच की 'झुकलंय' किंवा 'सोलतंय' हे बघून लगेच घाबरू नका आणि लगेच निश्चिंतही होऊ नका. त्या शहरात तसं का होतं, ते आधी विचारा.

घर वारसा यादीत आहे का, असेल तर कुठल्या श्रेणीत, हे बोली लावायच्या आधी लेखी मिळवा. यादीतल्या घराची खिडकी बदलायलाही परवानगी लागू शकते. काही ठिकाणी संरक्षण फक्त दर्शनी भागाला असतं, काही ठिकाणी आतल्या जिन्यालाही. इंग्लंडमध्ये आधीच्या मालकाने विनापरवाना केलेले बदल पूर्ववत करण्याची नोटीस नव्या मालकावरही निघू शकते. म्हणून झालेल्या प्रत्येक मोठ्या बदलाची परवानगी विक्रेत्याकडे मागा. 'ते फार पूर्वीचं आहे' हे उत्तर पुरेसं नाही.

पहिली फेरी: बाहेरून, आणि जमल्यास पावसात

सोबत घ्यायच्या वस्तू साध्या आहेत. चांगला टॉर्च, छोटी दुर्बीण, ओळंबा, काचेची गोटी, लोहचुंबक, सुताराचा टोचा, पेन्सिल आणि वही. ओल मोजायचं यंत्र असेल तर न्या, पण त्याच्या आकड्यावर सगळं सोपवू नका. भिंतीतले क्षारही त्याचा काटा वर नेतात.

पाऊस पडत असताना घर बघायला मिळालं तर ती संधी सोडू नका. रस्त्याच्या पलीकडे उभं राहून दुर्बिणीने वरून खाली या. पाणी छपरावरून कुठे जातं, पन्हळीत शिरतं की तिच्या मागून भिंतीवर उतरतं, खाली येणाऱ्या नळाचा सांधा कुठे फुटलाय, हे दहा मिनिटांत कळतं. कोरड्या दिवशी गेलात तर त्याच जागी हिरवट-काळा पट्टा शोधा. बिडाच्या नळाची मागची बाजू भिंतीकडे असते, तिथे रंगाचा हात पोचत नाही आणि गंज तिथूनच खातो. नळामागे हात घालून बघा.

या घरांची एक खास गोची म्हणजे दर्शनी कठड्यामागे लपलेली पन्हळ. रस्त्यावरून भिंत सरळ वर गेलेली दिसते आणि छप्पर दिसतच नाही. लंडनच्या अनेक रांगघरांत त्या कठड्यामागे दोन उतार आतल्या बाजूला येऊन 'व्ही' आकार होतो आणि मधल्या दरीतून पाणी मागे जातं. ती दरी पाल्याने तुंबली की पाणी खालच्या लाकडात उतरतं आणि वरच्या मजल्याच्या छतावर डाग उमटेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. त्यामुळे छपरावर चढायची परवानगी मागाच. विक्रेता नाही म्हणाला तर तसं वहीत लिहून ठेवा.

आता भिंतीपाशी या. गाल भिंतीला टेकवून वर बघा, फुगवटा असेल तर तो लगेच दिसतो. मजल्यांच्या पातळीवर लोखंडाच्या गोल, चांदणीच्या किंवा 'एस' आकाराच्या पट्ट्या दिसल्या तर त्या आतल्या तुळयांना किंवा सळ्यांना भिंत बांधून ठेवण्यासाठी आहेत. कधी त्या बांधतानाच घातलेल्या असतात, कधी भिंत बाहेर पडू लागल्यावर. कुठलं ते विचारा. तडे असतील तर त्यांची रुंदी मोजा. केसाएवढ्या तड्यांनी झोप उडवायचं कारण नाही, पण पाच मिलिमीटरच्या वरचा तडा स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. रुंदीपेक्षाही तो वाढतोय का, हे महत्त्वाचं. जुना तडा आतून मळलेला, कोळिष्टकाने भरलेला असतो, ताज्याच्या कडा स्वच्छ आणि धारदार असतात.

चुना की सिमेंट: या एका प्रश्नावर वेळ घालवा

विटांच्या मधल्या दर्जांवर, म्हणजे सांध्यांवर, नख किंवा टोचा हलकेच ओढून बघा. चुना असेल तर खरवडतो, पांढरट-पिवळसर भुकटी पडते, कधी त्यात चुन्याचे न विरलेले पांढरे खडे दिसतात. सिमेंट असेल तर टोचा घसरतो आणि राखाडी रेघ उमटते.

चुनखडी भट्टीत साधारण ९०० अंश सेल्सिअसला भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवतात. भिंतीत भरल्यावर तोच चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड परत ओढून घेतो आणि हळूहळू पुन्हा चुनखडीसारखा घट्ट होतो. पण होतो तरी तो विटेपेक्षा मऊ आणि सच्छिद्रच राहतो. घर थोडं बसलं, तापलं, निवलं, की चुना ती हालचाल सोसतो. भिंतीत शिरलेली ओल दर्जांतून आणि गिलाव्यातून बाहेर पडून वाळते. जुन्या जाड भिंतीला मध्ये पोकळी नसते, ओलीचा प्रतिबंधक थर बहुधा नसतो. ती ओल शोषते आणि सोडते, त्यावरच ती इतकी वर्षं उभी आहे.

पोर्टलँड सिमेंटचं पेटंट जोसेफ ॲस्पडिनने १८२४ साली घेतलं. नव्या बांधकामाला सिमेंट उत्तम आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. जुन्या मऊ विटांच्या दर्जांत ते भरलं की मात्र ओलीचा रस्ता बंद होतो. मग ती विटेतूनच बाहेर पडायला बघते, क्षार विटेच्या पृष्ठभागामागे जमतात, थंड प्रदेशात तिथलं पाणी गोठतं, आणि विटेचं तोंडच सुटून पडतं. सिमेंटच्या दर्जा जाळीसारख्या पुढे आलेल्या आणि विटा आत खंगलेल्या अशी भिंत दिसली तर हेच झालेलं आहे.

माझ्या देखरेखीखालच्या एका घरात तळमजल्याच्या भिंतीला गुडघ्याएवढी ओल होती, लोणा लागून पोपडे सुटत होते. कंत्राटदाराने छातीच्या उंचीपर्यंत सिमेंटचा गिलावा आणि वर पाणीरोधक लेप दिला. मी त्याला अडवलं नाही. वर्षभर भिंत स्वच्छ दिसली. दीड वर्षाने लेप संपतो त्याच्या बरोबर वर ओलीची तांबूस रेघ उमटली आणि खालच्या जमिनीची कडी, म्हणजे जमीन तोलणारं आडवं लाकूड, भिंतीत शिरते तिथे टोचा बोटभर आत गेला. सगळा गिलावा काढावा लागला. ओलीचं मूळ कारण बाहेर होतं, अंगणाची फरशी वाढवत वाढवत आतल्या जमिनीपेक्षा वर गेली होती. फरशी उतरवली, चुन्याचा गिलावा केला, भिंत वाळायला जवळपास वर्ष लागलं. म्हणून ओल दिसली की आधी बाहेर जा. पन्हळ, फुटका नळ, चढलेली जमीन, तुंबलेलं गटार. उपचाराची बाटली घेऊन येणारा माणूस बोलवायचा तो हे सगळं बघून झाल्यावर, आणि बहुतेकदा मग त्याची गरज उरत नाही.

आत: तळघरापासून माळ्यापर्यंत

दार उघडल्यावर पहिला श्वास नीट घ्या. ओलसर, अळंब्यासारखा वास आला तर तो कुठून येतो ते शोधल्याशिवाय बाहेर पडू नका. खिडक्या सताड उघड्या आणि अगरबत्तीचा किंवा ताज्या रंगाचा दरवळ असेल तर पुन्हा एकदा ऐनवेळी वेळ मागून या.

लाकूड बघायचं ते त्याच्या टोकांपाशी. तुळई मधून क्वचित कुजते, भिंतीत शिरते तिथे कुजते. टोचा टोचून बघा, निरोगी लाकूड अडवतं. लाकडातली आर्द्रता वीस टक्क्यांच्या खाली असेल तर सहसा कूज धरत नाही, त्यामुळे इथेही प्रश्न पाण्याचाच. लाकडाला चौकोनी भेगा, विटकरी रंगाची भुकटी आणि भिंतीवरून सरकलेले पांढरे धागे दिसले तर ती कोरडी कूज. ती विटांच्या भिंतीतूनही पलीकडे जाते आणि शेजारच्या घरातून तुमच्याकडे आलेली असू शकते. भुंग्याची भोकं जुनी असतात तशी चालूही असतात. भोकाखाली ताजा फिकट भुसा पडला असेल तर काम चालू आहे. वाळवी असेल तर मातीच्या बारीक नळ्या दिसतील.

जमिनीवर गोटी सोडा. ती एका बाजूला गडगडली म्हणून घर धोक्यात आहे असं नाही, जुनी घरं बसलेली असतात. पण दारांच्या चौकटींचा वरचा कोपरा बघा. दार घरासोबत तिरकं कापलेलं असेल आणि नीट लागत असेल तर हालचाल फार पूर्वीची आहे. अलीकडे घासायला लागलेलं दार वेगळं सांगतं.

दोन धोके अशा घरांत विशेष बघायला हवेत. पहिला, खालच्या मजल्यावर जागा मोठी करायला धुराड्याची बाहेर आलेली भिंत काढून टाकलेली आणि वरचं टनावारी ओझं तसंच लोंबकळत ठेवलेलं. प्रत्येक मजल्यावर शेकोटीची जागा मोजा, मध्येच एखादी गायब असेल तर वरचं कशावर टेकलंय ते विचारा. दुसरा, दोन खोल्यांमधली भिंत काढून केलेला लांबलचक दिवाणखाना. ती भिंत नुसता आडोसा दिसत असली तरी अनेकदा वरच्या कड्या तिच्यावर टेकलेल्या असतात. वरच्या मजल्याची जमीन तिथे खोलगट झालीये का, ओळंब्या-पाणसळीने बघा.

जिना आणि भिंत यांच्यामध्ये फट पडली असेल तर पायऱ्यांच्या खालून बघायला मिळेल का, ते विचारा.

मूळचं कुठलं, नंतरचं कुठलं

हा भाग मला सगळ्यात प्रिय. मूळ काम ओळखायला पुस्तकी ज्ञानापेक्षा बोटं उपयोगी पडतात. हाताने रंधलेल्या फळीवर तळवा फिरवला तर हलक्या लाटा लागतात, यंत्राची फळी सपाट लागते. माळ्यावर रंग न दिलेल्या लाकडावर करवतीच्या सरळ, वेड्यावाकड्या अंतराच्या खुणा असतील तर ते हाताने कापलेलं, कमानीसारख्या वक्र खुणा असतील तर गोल करवतीचं, म्हणजे बहुधा एकोणिसाव्या शतकातलं किंवा नंतरचं. खिळे चौकोनी आणि प्रत्येक डोकं वेगळं असेल तर लोहाराचे. गोल तारेचे खिळे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे सर्रास झाले.

खिडकीपाशी तिरकं उभं राहून काचेतून समोरच्या सरळ रेघेकडे बघा आणि डोकं हळूच हलवा. जुन्या काचेत ती रेघ लहरते, मध्ये एखादा बुडबुडा असतो. काच शतकानुशतकं खाली ओघळते म्हणून असं होतं ही दंतकथा आहे. त्या लहरी काच फुंकून बनवतानाच आलेल्या असतात. आज मिळते ती सपाट काच वितळलेल्या कथिलावर तरंगवून करतात आणि ती पद्धत पिल्किंग्टन कंपनीने १९५९मध्ये जाहीर केली. म्हणजे लहरणारी काच एकदा फुटली की तशीच बाजारात सहज मिळत नाही. खिडक्या मोजा, कुठल्या तावदानात जुनी काच आहे ते वहीत मांडा.

छतावरचं फूल आणि कडेची गोलाई यांच्या बारीक खाचा रंगाच्या थरांनी बुजलेल्या असतील तर बरं लक्षण आहे. बहुतेक ते जुनंच आहे, नुसतं रंगाखाली गुदमरलंय. खाचा अगदी कोऱ्या आणि ठोकल्यावर फोमसारखा हलका आवाज, तर नवं चिकटवलेलं. जुनं छत लाकडी पट्ट्यांवर जनावरांचे केस मिसळलेल्या चुन्याचं असतं. पट्ट्यांच्या फटींतून वर निघालेला चुना आकड्यासारखा ते धरून ठेवतो. तळव्याने हलकेच वर दाबा. छत हललं तर आकडे तुटलेत, पण म्हणून ते पाडायलाच हवं असं नाही. स्क्रू आणि रुंद चकत्या लावून ते परत पट्ट्यांना धरता येतं. 'पाडून नवं करून देतो' हे सगळेच सांगतील, धरून ठेवणारा कारागीर शोधावा लागतो.

तारा, नळ, रंग

याबद्दल थोडक्यात, कारण इथे मतं नाहीत, फक्त तपासणी आहे. कापडी किंवा रबरी वेष्टणाच्या तारा असतील तर वायरिंग पूर्ण बदलायचं धरून चाला. पाण्याचा जुना नळ करड्या रंगाचा, मऊ, खरवडल्यावर चांदीसारखा चमकणारा आणि चुंबक न धरणारा असेल तर तो शिशाचा, बदलायलाच हवा. जुन्या रंगात शिसं असणार असं गृहीत धरा. अमेरिकेत घरांसाठी तो १९७८मध्ये बंद झाला. तो कोरडा घासायचा नाही, ज्योतीने जाळायचा नाही, आणि काम चालू असताना लहान मुलं आणि गरोदर बाई घरात नको. विसाव्या शतकातल्या दुरुस्त्यांत नळांभोवतीचं वेष्टण, फरशा, पत्रे यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. संशय आला तर फोडू नका, नमुना तपासणीला द्या.

शेजारी आणि करार

भिंत सामाईक आहे, त्यामुळे शेजाऱ्यांचं छप्पर, त्यांची पन्हळ, त्यांचं गटार हे सगळं थोडं तुमचंही आहे. करार करण्याआधी दोन्ही बाजूंना भेटा. घराचा इतिहास विक्रेत्यापेक्षा शेजारी खरा सांगतात. सामाईक भिंतीत तुळई घालणं, धुराडं काढणं, तळघर खोल करणं यांसाठी अनेक देशांत शेजाऱ्याला रीतसर नोटीस द्यावी लागते. इंग्लंड आणि वेल्समध्ये त्यासाठी १९९६चा स्वतंत्र कायदा आहे. सांडपाण्याचा नळ कुणाच्या जमिनीखालून जातो, मागच्या बोळातून वहिवाट कुणाची, हे वकिलाकडून लेखी घ्या.

तपासणीला असाच माणूस लावा ज्याने चुन्याच्या इमारतींवर काम केलं आहे. त्याला एकच प्रश्न विचारा: 'या भिंतीच्या दर्जा कशाने भराल?' उत्तरात चुना आला नाही तर दुसरा माणूस बघा. विमाही आधी विचारा, कारण असं घर पुन्हा तसंच बांधायचा खर्च विक्रीच्या किमतीशी जुळेलच असं नाही.

ताबा मिळाल्यावर

पन्हळी साफ करा, गळतं ते थांबवा, वायरिंग सुरक्षित करा, आणि मग शक्य असेल तर वर्षभर बाकी कशालाही हात लावू नका. सगळे ऋतू बघू द्या. तड्यांच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहा, दर महिन्याला बघा. नंतरचा क्रम असा: छप्पर, भिंती आणि तुळया, तारा आणि नळ, गिलावा, सुतारकाम, आणि सगळ्यात शेवटी रंग. निघालेली प्रत्येक बिजागरी, कडी, फरशी, कठड्याचा तुटका दांडा खोलीचं नाव लिहून डब्यात ठेवा. नवा दांडा कातायला सुताराला तोच नमुना लागणार आहे.

हरवलेलं काय परत करायचं, यावर १९६४च्या व्हेनिस सनदेने, म्हणजे जुन्या वास्तूंच्या जतनाची तत्त्वं सांगणाऱ्या आंतरराष्ट्रीय दस्तऐवजाने, एक मर्यादा आखून दिली आहे. जिथून पुढे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. एका खोलीतलं छताचं फूल शिल्लक असेल तर त्यावरून त्याच खोलीचा तुटलेला तुकडा ओतून घ्या. पण ज्या खोलीत काय होतं याचा पुरावाच नाही, तिथे कल्पनेने राजवाडा उभा करू नका. साधं छत तिथे जास्त खरं दिसेल.

एक काम मात्र पहिल्याच महिन्यात स्वतःच्या हाताने करायला हरकत नाही: वर-खाली सरकणारी, रंगाने चिकटून बसलेली एक खिडकी मोकळी करणं. जमिनीवर प्लास्टिक अंथरा, तोंडाला योग्य मास्क लावा, सांध्यावर पाणी फवारून पातळ पात्याने रंगाची रेघ कापत जा. घाई करून पहार लावाल तर तावदान जाईल. चौकटीच्या बाजूला आत पोकळ कप्पा असतो, त्यात दोरीला बांधलेलं बिडाचं वजन लोंबतं. दोरी तुटलेली असेल तर कप्प्याची छोटी झडप उघडून ते बाहेर काढा. दोन्ही बाजूंच्या वजनांची बेरीज पल्ल्याच्या वजनाइतकी असते, म्हणून तो अर्ध्यावर सोडला तरी तिथेच थांबतो. पुढे कुणी जाड दुहेरी काच बसवली तर हा तोल बिघडतो आणि वजनंही बदलावी लागतात. नवी दोरी ओवा, सुटलेल्या काचेला जवसाच्या तेलाची लांबी (पुट्टी) भरा, ती घट्ट व्हायला काही आठवडे जातात, तोवर रंग देऊ नका. मग खालचा पल्ला दोन बोटांनी उचलून बघा.